आधी माहेरची खोली, आता संशोधन कक्ष

“मॅडम एक्स्पायर झाल्या,” श्वेता फोनवर म्हणाली, आणि आधी मला राग आला तो त्या शब्दाचाच. गोळ्यांची पट्टी एक्स्पायर होते. माणूस जातं, वारतं, मरतं. मराठीत त्याला शब्दांची काही कमी नाही. पण श्वेता पडली बिहारची. बाळंतपणाचं डॉक्टरी शिक्षण घ्यायला कोल्हापुरात आलेली. तिचं सगळं मराठी रुग्णालयातच झालेलं, आणि रुग्णालयात कुणी मरत नाही, सगळे एक्स्पायर होतात. मी मंगळवार पेठेतल्या आमच्या नेहमीच्या छापखान्यात उभी होते. हातात नव्या पत्रकाचं प्रूफ होतं, आणि त्यातली एक ओळ अक्कांना विचारल्याशिवाय छापू नका असं मी छापखान्यातल्या काकांना नुकतंच सांगितलं होतं... माझ्या तोंडाकडं बघून काकांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, छापा, आहे तसंच छापा. आता विचारायला कोण आहे?

अक्का म्हणजे डॉ. त्रिशला पाटील. शहरातल्या एका मोठ्या, डॉक्टर शिकवून तयार करणाऱ्या रुग्णालयात जोखमीच्या बाळंतपणांचा विभाग त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळला. रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की खुलासे सुरू होतात आणि माणूस बाजूला राहतं; मला अक्कांविषयी लिहायचं आहे. त्या शिरोळकडच्या, जैन शेतकऱ्याच्या घरातल्या. त्या भागात थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, तिकडून येणाऱ्या पेशंट त्यांना अक्का म्हणायच्या, मग बाकीच्याही म्हणायला लागल्या. रुग्णालयातली मंडळी ‘मॅडम’ म्हणायची. माझं त्यांच्याशी नातं काहीच नव्हतं. मी आमच्या बायकांच्या संघटनेची कार्यकर्ती, फाटकावर उभं राहून पत्रकं वाटणारी, आणि त्या फाटकाच्या आतल्या. माझ्या मते तेव्हा आतले सगळे सारखेच होते.

पहिली भेट त्या फाटकावरच झाली. ‘अतिजोखमीच्या गरोदर मातेचे हक्क’ असा मथळा असलेलं आमचं पत्रक होतं. आत येणारे-जाणारे डॉक्टर ते घेत आणि चार पावलांवर टाकून देत. एका साध्या साडीतल्या, केस घट्ट बांधलेल्या बाईंनी मात्र ते घेतलं, तिथंच उन्हात उभं राहून शेवटपर्यंत वाचलं आणि माझ्याकडं बघून विचारलं, “कुणासाठी लिहिलंयस हे? माझ्यासाठी का तिच्यासाठी?” ‘ती’ म्हणजे शेजारून चाललेली, पोट सांभाळत सासूच्या मागं मागं जाणारी एक पोरगी. मी म्हटलं, तिच्यासाठी. “मग तिच्या सासूला हे मोठ्यानं वाचून दाखव जा. ‘अतिजोखमीची’ ऐकल्यावर सासू काय म्हणती ते मला सांग.” मी वाचून दाखवलं. मला कुणाला भ्यायची सवय नाही. सासूनं ऐकून घेतलं आणि सुनेकडं बघून म्हणाली, “बघितलंस? माल खराब हाय म्हणून लिवलंय हितं. तुझ्या बाला दाखवतो आता.” मी परत आले तेव्हा अक्का तिथंच उभ्या होत्या. हसल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या, उद्या सकाळी माझ्या ओपीडीत येऊन बस, तोंड बंद ठेवून. जमंल का?

जमलं नाही, पण गेले. तिथं मला पहिल्यांदा कळलं की ही बाई गरोदर बाईचं बीपी बघायच्या आधी एक प्रश्न विचारते. बाळंतपणाला कुठं जाणार? आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटीभरण झालं की पोरगी माहेरी जाते, तिची सगळी तपासणी मात्र सासरकडच्या दवाखान्यात झालेली असते. म्हणजे ज्या महिन्यांत बीपी चढतं, पायांवर सूज येते, झटके यायची भीती असते, नेमकी तेव्हाच ती तिला ओळखणाऱ्या डॉक्टरांपासून लांब जाते. कागदावर अशा बाईपुढं ‘संपर्कात नाही’ असं लिहितात. अक्का चिडायच्या. “संपर्कात नाही म्हंजे काय? ती आपल्या आईच्या संपर्कात हाय. तुम्ही नाही.” म्हणून त्या नवऱ्याला सांगत बसायच्या नाहीत, सासूला तर नाहीच. पोरीला म्हणायच्या, तुझ्या आईला फोन लाव, आणि त्या अनोळखी बाईशी असं बोलायच्या की जणू दोघी एका विहिरीवर पाण्याला जात होत्या. पोरगी आपली न्हवं का, मग डोकं दुखतंय म्हणाली तर चहा देऊन निजवू नगासा, उचलून हिकडं आणा. एवढंच. माझ्या पत्रकातल्या मजकुरापेक्षा हे चार शब्द जास्त चालायचे, हे मला तेव्हा झोंबलं होतं. नंतर आम्ही दोघींनी मिळून नवं पत्रक केलं. त्यात जोखीम हा शब्दच नव्हता. पहिली ओळ होती, ‘ही चिठ्ठी पोरीच्या आईनं वाचावी.’

आणि मग ती खोली. वॉर्डाच्या टोकाला मोडक्या खाटा आणि जुने पंखे टाकायची एक लांबट खोली होती. अक्कांनी भांडून ती रिकामी करून घेतली, खाटा वेल्डिंग करून घेतल्या, खिडक्यांना जाळी बसवली. ज्या बाया अजून भरती करण्याइतक्या आजारी नाहीत पण घरी पाठवायच्या लायकीच्याही नाहीत, ज्यांचं माहेर लांब आहे, डोंगरात आहे, त्यांनी शेवटचे आठवडे तिथं राहायचं. सोबत आईनं राहायचं. रोज सकाळी बीपी, लघवीची तपासणी, बाळाचे ठोके, आणि काही झालंच तर लेबर रूम हाकेच्या अंतरावर. कागदावर त्या खोलीला काही नाव नव्हतं. बायाच तिला माहेरची खोली म्हणायला लागल्या, कारण सासरला सांगायला ते बरं पडायचं. “माहेरला गेलोय” म्हटलं की सासू गप्प. दवाखान्यात राहिलोय म्हटलं असतं तर खराब माल परत आला असता. अक्कांना ही लबाडी फार आवडायची. त्या खोलीत मी पाहिलेली भांडणं, थट्टा, एकमेकींच्या आयांच्या चटण्यांना ठेवलेली नावं... एक आई दुसरीला म्हणाली होती, तुमच्या खर्ड्यानं माझ्या पोरीचं बीपी वाढतंय, डब्याचं टोपण लावा आधी.

शिकवणं म्हणजे काय हेही मी तिथंच पाहिलं. नव्या शिकाऊ डॉक्टरांना, म्हणजे रेसिडेंटांना, अक्का वर्गाआधी त्या खोलीत पाठवायच्या. खाटेवर बसायचं, प्रश्न विचारायचे नाहीत, ऐकायचं. श्वेता आली तेव्हा तिची फार फजिती झाली. आमच्याकडं बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. एका पोरीनं सांगितलं, “काल लै चक्कर आली, चुलीपुढंच पडलो,” आणि श्वेतानं अक्कांकडं जाऊन रिपोर्ट दिला की पेशंट ठीक आहे, नवऱ्याला चक्कर येते. खोली आठवडाभर हसत होती. त्या पोरीचा नवरा घरी न सांगता भेटायला आला की सगळ्या बाया त्याला विचारायच्या, पावणं, आता चक्कर कशी हाय? श्वेता रडली होती. अक्का तिला म्हणाल्या, रडू नकोस, जेवून घे. त्या स्वतः दिवस मावळल्यावर काही खायच्या नाहीत, घरची शिस्त. संध्याकाळी केस आली की त्यांचा डबा तसाच राहायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उपास. उपाशी असल्या की फार तिरसट व्हायच्या. नर्सना नाही नाही ते बोलायच्या, आणि माफी मागायची त्यांना सवय नव्हती. एका सिस्टरनं मला सांगितलं आहे की अक्का गेल्या तेव्हा तिला रडू आलं, पण स्वतःचा अपमान ती विसरलेली नाही. हेही लिहून ठेवते. नुसती आरती ओवाळायला मी बसलेली नाही.

मग प्रोजेक्ट आलं. गरोदरपणी बीपी वाढून पुढं कुणाला झटके येतील, हे आधीच सांगणारी रक्ताची तपासणी. चांगली गोष्ट आहे, आणि अक्का तिच्या विरोधात कधीच नव्हत्या. त्यांची स्वतःची सही त्या प्रोजेक्टवर होती. पण प्रोजेक्टला जागा लागते, एसी लागतो, रक्ताचे नमुने ठेवायला डीप फ्रीझर लागतो, आणि सगळ्या रुग्णालयात या कामाला योग्य अशी नेमकी एकच खोली सापडली. जाळी लावलेली, रंग दिलेली, कोरडी. बायांची पर्यायी सोय लवकरच करू, असं बैठकीत सांगण्यात आलं. ‘लवकरच’ हा शब्द मी इतक्या खुलाशांमध्ये वाचला आहे की तो दिसला की मला समजतं, आता होणार नाही. खाटा परत मोडक्या सामानात गेल्या. त्या आठवड्यात मी अक्कांना म्हटलं, आपण दारात बसू. खोलीतल्या पोरींच्या आयांना घेऊन बसू, पत्रक काढू, बघू कोण फ्रीझर आत नेतो ते. त्या नको म्हणाल्या. माझ्या रेसिडेंटांच्या परीक्षा आहेत, त्यांच्यावर राग निघेल. आत राहून मिळवते मी. मी म्हटलं, आत राहून कुणाला काय मिळालंय, अक्का? त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले. आजही मला वाटतं की तेव्हा मी बरोबर होते आणि त्या चुकल्या. माणूस गेल्यावर त्याचं सगळं बरोबर ठरवायची आपल्याकडं रीत आहे. मला ती जमत नाही. त्यांचं ऐकलं म्हणून आम्ही गप्प बसलो, आणि आम्ही गप्प बसलो म्हणून फ्रीझर शांतपणे आत गेला.

रेश्मा त्यानंतर आली. सासर गडमुडशिंगीचं, म्हणजे रिक्षानं येण्याजोगं. माहेर चंदगडकडं आत डोंगरात. पहिलटकरीण, सातवा महिना, बीपी हळूहळू चढत चाललेलं. खोली असती तर अक्कांनी तिला त्याच दिवशी आईसकट ठेवून घेतलं असतं, यात कुणाला शंका नाही, श्वेतालाही नाही. वॉर्डात भरती करण्याइतकं काही नव्हतं आणि खाटाही नव्हत्या. अक्का त्या दिवशी परीक्षक म्हणून दुसऱ्या गावी गेलेल्या. रेश्माचं रक्त प्रोजेक्टसाठी घेतलं, तिला गोळ्या दिल्या, काय काय झालं तर लगेच यायचं ते सांगितलं, आणि श्वेतानं विचारलं, सोमवारी परत दाखवायला येणार ना? रेश्मा पिशवी उचलून उठली आणि म्हणाली, “येतो की.” श्वेताचं समाधान झालं. बाई स्वतःच्या तोंडानं येतो म्हणते आहे, आणखी काय पाहिजे? बाहेर फाटकावर माहेरची गाडी उभी होती. ओटीभरण आदल्या दिवशीच झालेलं. ‘जाते’ म्हणू नये म्हणून आपण सगळे जाताना ‘येते’ म्हणतो. तुम्ही म्हणता, मी म्हणते, रेश्मा म्हणाली. ती निरोप घेत होती.

सोमवार यायच्या आधीच तिला माहेरी झटके आले. जवळच्या दवाखान्यानं पुढं पाठवलं, त्या पुढच्यानं कोल्हापूरला. सगळा घाटरस्ता आईच्या मांडीवर डोकं ठेवून... अक्का लेबर रूममध्येच होत्या. त्या दिवशीही डबा तसाच राहिला. बाळाला वाचवता आलं नाही, आणि रेश्मालाही नाही. तिची आई बाहेरच्या बाकावर बसून प्रत्येकाला एकच सांगत होती की डोकं दुखतंय म्हणत होती, मी चहा दिला. त्या बाईला आईनं वाचायची ती चिठ्ठी कधी मिळालीच नव्हती. आम्ही ती वाटायचो त्या खोलीत, आणि खोलीच नव्हती.

श्वेताला वाटलं होतं, आता मॅडम आपल्याला फाडून खाणार. अक्का तिला एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्या रेसिडेंटांना बसवून त्यांनी क्लास घेतला, आणि त्यात बीपी नव्हतं, झटके नव्हते, औषधांचे डोस नव्हते. फळ्यावर एकच शब्द लिहिला, ‘येतो’. म्हणाल्या, “हितं बाई ‘येतो’ म्हणाली की समजायचं, ती चालली. तिथंच हात धरायचा आणि विचारायचं, येतो म्हंजे कुठनं? आणि कवा? आणि कुणाच्या गाडीतनं?” सगळे वहीत उतरवून घेत होते. मग त्या म्हणाल्या की हे तुम्हाला शिकवायला लागतंय, कारण तिला ठेवून घ्यायला माझ्याकडं जागा नाही. जागा असती तर तुम्हाला मराठी आलं काय, नाही आलं काय. हे मला श्वेतानं सांगितलं. ती अजून ‘येतो’ ऐकलं की दचकते.

काही महिन्यांनी शहरातल्या एका हॉटेलात डॉक्टरांची परिषद होती. आमच्या पत्रकाचं एक पोस्टर अक्कांनी तिथं एका कोपऱ्यात लावून घेतलं होतं, म्हणून मी मागच्या खुर्चीवर होते. प्रोजेक्टचं सादरीकरण सुरू झालं. पडद्यावर आलेख आले, बाण आले, आणि मग एक उदाहरण आलं. नाव अर्थात नव्हतं. पहिलं गरोदरपण, सातव्या महिन्यातला नमुना, तपासणीचा निकाल धोका दाखवणारा, पुढं झटके. शेजारी हिरव्या रंगात बरोबरची खूण. अंदाज तंतोतंत खरा ठरला होता. सभागृहात टाळ्या वाजल्या. मला काही कळलं नाही, पण पुढच्या रांगेत अक्का उभ्या राहिलेल्या दिसल्या. “अंदाज बरोबर आला, अभिनंदन,” त्या म्हणाल्या. “बाई कुठाय?”

सादर करणाऱ्या डॉक्टरांनी अतिशय सभ्यपणे सांगितलं की अभ्यासाची रचनाच तशी आहे. सगळे नमुने गोळा झाल्यावर एकदमच तपासतात, आधी निकाल कुणालाच कळत नाही, त्याला नीतिसमितीची मान्यता आहे. खोटं काहीच बोलले नाहीत ते. अक्का म्हणाल्या, रचना मला ठाऊक आहे, तिच्यावर माझीपण सही आहे. पण बाईचं रक्त माझ्या खोलीत मुक्कामाला राहिलं, आणि बाईला मी राहू दिलं नाही. फक्त उलट करायचं होतं. एवढंच विचारते, बाई कुठाय? ... अध्यक्ष म्हणाले, हा मुद्दा भावनिक आहे, आपण चहानंतर घेऊ. चहानंतर घेतला नाही. बिस्किटांच्या टेबलापाशी एक गृहस्थ दुसऱ्याला म्हणत होते, मॅडम आता दमल्यात. मी त्यांच्या बशीत आमचं पत्रक ठेवलं आणि निघून आले. रस्त्यावर आल्यावर बघितलं तर अक्का माझ्या आधीच बाहेर येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, त्या दिवशी दारात बसू दिलं असतं तुला तर बरं झालं असतं. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

त्यानंतर खोलीसाठी त्या दर बैठकीत तोंड उघडत राहिल्या, आणि दर बैठकीत त्यांना ‘लवकरच’ मिळत राहिलं. दुखणं त्यांनी लपवलं. पोटात गाठ होती आणि ती सापडली तेव्हा करण्यासारखं फार उरलं नव्हतं. शेवटचं भेटले ते त्यांच्या शिवाजी पेठेतल्या घरी. खाली गल्लीत पोरं कुठलीतरी मॅच जिंकून आली होती, ढोल चालला होता, आणि अंथरुणात मुठीएवढ्या झालेल्या अक्का विचारत होत्या, गोल कुणी मारला ते बघून ये. पेठेच्या फुटबॉलचं त्यांना वेड होतं, हे त्यांच्या विभागात कुणाला माहीतही नव्हतं. मी खाली जाऊन विचारून आले. मग त्यांनी विचारलं, खोली मिळाली? मी म्हटलं, नाही. “मग कशाला आलीस?” म्हणाल्या. आणि वर म्हणाल्या, मी गेल्यावर तू लिहिणार, मला माहीत आहे, तुला गप्प बसवत नाही. लिही. पण ‘मातृहृदयी’ लिहिलंस तर बघ. मला मूल झालं नाही हा माझा प्रश्न, आणि त्या पोरी माझ्या लेकी नव्हत्या, पेशंट होत्या. लेकीला एखादी रागानं घराबाहेर काढेल, पेशंटला काढायचा हक्क कुणाला नाही.

शोकसभेत जवळजवळ प्रत्येक वक्ता ‘मातृहृदयी’ म्हणाला. स्वतःला मूल नसताना हजारोंची आई झाल्या, असंही एकानं म्हणून घेतलं. फोटोला हार होता, समईपुढं त्यांच्या पदव्या वाचून दाखवल्या. शेवटी व्यासपीठावरून घोषणा झाली की मॅडमच्या स्मरणार्थ वॉर्डाच्या टोकाच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव देण्यात येत आहे, ‘डॉ. त्रिशला पाटील संशोधन कक्ष’. टाळ्या. मी उभी राहिले आणि विचारलं की त्या खोलीत बाया परत कधी राहायला येणार. मला सांगण्यात आलं की ही ती वेळ नव्हे. वेळ कुठली ते मी लेखी विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही.

परवा ती पाटी बघायला गेले. पितळी आहे, अक्षरं चांगली कोरली आहेत. आतून फ्रीझरची घरघर ऐकू येत होती, दाराला कुलूप. ओपीडी भरलेली. दारासमोर भिंतीला टेकून एक पोरगी जमिनीवर बसली होती, आठवा तरी असावा, पाय सुजून टम्म झालेले, डोळे मिटलेले. शेजारी तिची आई, कडक लुगड्यातली, हातात डब्याची पिशवी. श्वेता त्या दोघींशी बोलून नुकतीच आत गेली होती. पोरीला ठेवून घ्यायचं म्हणत होती, खाट बघून येते म्हणाली होती. त्या बाईंनी पाटीवरचं नाव एकेक अक्षर लावत वाचलं. मग दाराची कडी हलवून बघितली आणि मला म्हणाल्या, “ही खोली ह्या पाटलीणबाईंची हाय व्हय ओ? कुठं हाईत त्या? इचारून बघतो, पोरीला घटकाभर आत निजू द्या म्हणून.”

पोरीनं डोळे उघडले होते आणि माझ्याकडं बघत होती. भरल्या पोटाच्या बाईसमोर कुणी गेल्याचं बोलू नये, एवढं मलाही कळतं. सगळ्या गावाला पत्रकं वाटून खरं सांगत फिरणारी मी, माझ्या तोंडून आलं, “त्या बाहेर गेल्यात.”

“मग थांबतो की,” बाई म्हणाल्या. पिशवी त्यांनी दाराशी ठेवली, पोरीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या कोटाकडं मान वर करून बघत त्या बसून राहिल्या.